विद्यार्थ्यांची डोंगरभटकंती : ‘काही झालं तर जबाबदार कोण?’

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने ट्रेकिंगवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण दिवाळी झाली की आपल्याकडे सहलींचा हंगाम सुरू होतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांची मुलं लोणारला जातात, ज्ञानगंगेच्या जंगलाकडे जातात, सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरव्याच्या बाजूला जातात. हौशी मंडळी अजिंठ्याच्या डोंगररांगेत उतरतात. आणि दर वर्षी मुख्याध्यापक, शिक्षक, पालक यांच्या तोंडून आम्ही एकच प्रश्न ऐकतो : ‘काही झालं तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न वरवर सहलीचा दिसला तरी मुळात तो नीतिशास्त्राचा आहे. म्हणून आज तो घेतला.

या प्रश्नात एक गोम आहे. ‘काही झालं तर’ असं आपण म्हणतो, तेव्हा जबाबदारी घटनेनंतर सुरू होते असं आपण गृहीत धरतो. आधी अपघात, मग चौकशी, मग दोषी माणूस. हान्स योनास नावाच्या जर्मन-अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७९ साली जबाबदारीवरच एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो जबाबदारीचे दोन प्रकार वेगळे करतो. एक, घडून गेलेल्या गोष्टीचा जाब देण्याची जबाबदारी. दुसरी, अजून न घडलेल्या गोष्टीची, म्हणजे जो जीव आपल्या हाती सोपवला आहे त्याच्या उद्याची काळजी वाहण्याची जबाबदारी. या दुसऱ्या प्रकाराचं मूळ रूप कोणतं, तर तान्हं मूल. तान्ह्या मुलाच्या आईला कोणी विचारत नाही की काही झालं तर जबाबदार कोण. ती आधीच जागी असते. विद्यार्थ्यांना डोंगरात नेणं हे या दुसऱ्या प्रकारात बसतं. पण आपली सगळी कागदपत्रं पहिल्या प्रकारची असतात.

उदाहरण हमीपत्राचं घ्या. ‘माझ्या पाल्यास काही इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ या एका ओळीखाली बापाची सही घेतली की आपल्याला हलकं वाटतं. कायद्याच्या कसोटीवर त्या ओळीचं काय होईल, ते वकील मंडळी सांगतील. नीतीच्या कसोटीवर ती टिकत नाही. कारण त्या बापाला वाट माहीत नाही, पाणी कुठे मिळेल ते माहीत नाही, सोबत किती शिक्षक आहेत तेही माहीत नाही. ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, त्याच्या सहीने ज्याला ठाऊक असायला हवं त्याची सुटका कशी होणार? पालकांकडून कागद जरूर घ्यावा, पण त्यात वेगळे प्रश्न असावेत. मुलाला दमा आहे का? फिट येते का? कोणतं औषध चालू आहे? मधमाशी चावल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का, श्वास कोंडला होता का? पोहता येतं का? हा कागद वाचून शिक्षकाचं काम वाढतं. जो कागद वाचून काम वाढतं, तोच जबाबदारीचा कागद.

आता दुसरी अडचण. एकटा माणूस जेवढा सावध असतो, तेवढा घोळका नसतो. १९६८ साली डार्ली आणि लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फिट आली आहे, असं विद्यार्थ्यांना ऐकवलं. ‘ऐकणारा मी एकटाच’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण तो माणूस बोलायचा थांबण्यापूर्वीच मदतीला उठले. ‘माझ्याशिवाय आणखी चौघे ऐकत आहेत’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के उठले. ही माणसं दुष्ट नव्हती. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी बघेल. आपल्याकडे म्हणतात ना, बारभाईची खेती, काय लागेल हाती! सहलीला पाच शिक्षक असतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ‘सगळ्यांनी सगळ्यांकडे लक्ष ठेवा’ या सूचनेचा व्यवहारात अर्थ होतो की कोणीच कोणाकडे लक्ष ठेवू नका.

यावरचा उपाय शोधायला फार लांब जायला नको. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी दर वर्षी पायी पंढरपूरला जाते. शेकडो माणसं, कित्येक दिवसांची चाल, वर पाऊस नाहीतर ऊन. तरी घोळका होत नाही, कारण दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पताकावाले पुढे, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. आपल्या रांगेच्या पुढे कोण आणि मागे कोण हे प्रत्येकाला ठाऊक असतं. विद्यार्थ्यांची तुकडीही अशीच बांधावी लागते.

सर्वांत पुढे वाट माहीत असलेला माणूस, शक्यतो गावचा वाटाड्या. त्याला ओलांडून कोणी पुढे जायचं नाही. सर्वांत मागे एक खमका शिक्षक. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. प्रथमोपचाराची पिशवी या मागच्या माणसाजवळ असावी, कारण ज्याला त्रास होतो तो मागे पडतो. मधल्या मुलांचे दहा-दहाचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला एक मोठं माणूस नावानिशी द्यावं. हा आमचा ठोकताळा आहे. मुलं लहान असतील, वाट अवघड असेल, तर दहाचे सहा करावेत. गटात प्रत्येक मुलाची जोडी लावावी. जोडीदार दिसला नाही की लगेच ओरडायचं, एवढंच त्याचं काम. प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि दर थांब्यावर मुलांनीच एक, दोन, तीन असे आकडे म्हणत हजेरी द्यावी. शिक्षक डोकी मोजतो तेव्हा हमखास चुकतो, कारण डोकी हलत असतात. मुलं स्वतः आकडा म्हणतात, तेव्हा कुठला आकडा आला नाही ते लगेच कळतं.

चालीचा वेगही असाच ठरवायचा. तुकडीचा वेग म्हणजे तुकडीतल्या सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाचा वेग. तो मुलगा कोण, हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं. त्याला पुढच्या माणसाच्या लगेच मागे आणून ठेवावं. म्हणजे तो मागे पडत नाही, सारखा धावून दमत नाही आणि मुख्य म्हणजे त्याला शरमल्यासारखं होत नाही.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला, तो आजही जगभर वापरतात. सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास धरा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवा. आपलं लोणार घेऊन बघू. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे काठाचा घेर साधारण पावणेसहा किलोमीटर. चालायला एक तास दहा मिनिटं. तळाशी उतरून परत वर यायचं, तर सुमारे १४० मीटरचा चढ, त्याची आणखी चौदा-पंधरा मिनिटं. कागदावर झाला दीड तास. पण हा नियम तंदुरुस्त आणि सरावलेल्या माणसासाठी आहे. चाळीस मुलं, त्यात निम्म्यांच्या पायात चपला, झुडपांची वाट, मंदिरं, फोटो, लघवीचे थांबे हे सगळं धरलं तर आम्ही तिपटीच्या खाली येत नाही. म्हणजे साडेचार तास. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मग पाचला सगळे गाडीपाशी हवेत आणि त्यासाठी साडेबाराच्या आत पहिलं पाऊल पडायला हवं. गाडी दुपारी दोनला पोचली, तर पूर्ण फेरी रद्द करायची, नुसतं काठावरून बघायचं. हा निर्णय घरून निघतानाच कागदावर लिहून ठेवावा. कारण तिथे पोचल्यावर मुलांचे उतरलेले चेहरे बघून शिक्षकाचं मन विरघळतं, आणि बरेचसे अपघात अशा विरघळलेल्या मनातून होतात.

नियम सांगून झाले, पण नियमांनी सगळं भागत नाही. ॲरिस्टॉटलने शास्त्रीय ज्ञानाहून वेगळं असं एक व्यावहारिक शहाणपण सांगितलं आहे. आपण त्याला विवेक म्हणू. या क्षणी, या जागी, या माणसांच्या बाबतीत योग्य काय, हे ओळखण्याची ती ताकद. एक उदाहरण देतो. जंगलात बोलावं की गप्प राहावं? आपल्या जिल्ह्याच्या जंगलात अस्वलं आहेत. अस्वल आपल्या नादात मुळं, वाळवी उकरत असतं. माणूस अचानक समोर आला की घाबरून अंगावर येतं. म्हणून दाट झुडपांच्या वाटेने जाताना साध्या आवाजात बोलत राहावं, म्हणजे ते आधीच बाजूला होतं. दिसलंच तर पळायचं नाही. सगळ्यांनी एकत्र यायचं, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं. पण तीच तुकडी कड्याखाली आली आणि वर आग्या मोहळ लटकत असेल, तर? तिथे आरडाओरडा, दगड मारणं, धूर, उग्र अत्तर, काहीच चालत नाही. तिथून मुकाट्याने निघून जायचं. म्हणजे एकाच वाटेवर अर्ध्या तासापूर्वी जे शहाणपण होतं, तेच आता वेडेपणा ठरतं. ‘जंगलात शांतता पाळा’ एवढी एक ओळ पाठ केलेला शिक्षक दोन्हीपैकी एका ठिकाणी चुकणारच. ‘का’ ठाऊक असलेला चुकत नाही. म्हणून मुलांना नियम सांगताना त्यामागचं कारणही सांगावं.

माश्या उठल्याच तर? हात झटकायचे नाहीत. तोंड-डोळे कपड्याने झाकून शक्य तितक्या लवकर दूर जायचं, बंद गाडी किंवा खोली मिळाली तर तिच्यात शिरायचं. पाण्यात उडी मारायची नाही. मग नांग्या लवकरात लवकर खरडून काढायच्या. ज्याचा श्वास कोंडतो, ओठ सुजतात, त्याला एक क्षणही न थांबता दवाखान्यात न्यायचं. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे तर मुळीच न्यायचं नाही. मुलाला चालवायचं नाही. चावलेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवायचा आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात पोचवायचं. ती लस जवळ कुठे आहे, हा फोन सहलीच्या आदल्या दिवशी करायचा असतो, साप चावल्यावर नव्हे. आणि ऊन! वैदर्भीय माणसाला उन्हाचा खोटा अभिमान असतो. माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि जलसंजीवनीची पाकिटं हिवाळ्यातही सोबत हवीत. लोणारचं तळं खारट आणि अल्कधर्मी आहे, ते पाणी पिण्याचं नाही.

पाण्यावरून आठवलं. सहलींचे सर्वांत मोठे घात डोंगराने नव्हे, पाण्याने केले आहेत. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी फोटो काढत उभे होते. डोक्यावर पाऊस नव्हता. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ही पोरं काही हिमशिखर चढत नव्हती. पाणी दिसलं, पाय भिजवावेसे वाटले, एवढंच. आपल्याकडे नळगंगा आहे, खडकपूर्णा आहे. धरणाखालचं पात्र कोरडं दिसलं तरी ते पाण्याच्या मालकीचं आहे. तिथे डबे खायला बसू नये. पाण्यात उतरणं कार्यक्रमात नसेल, तर ते आयत्या वेळी घुसडू नये.

आता थायलंडची गोष्ट. २३ जून २०१८ रोजी फुटबॉल खेळणारी १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक थाम लुआंग नावाच्या गुहेत गेले. पावसाचं पाणी आत शिरलं आणि वाट बंद झाली. शोध कुठे घ्यायचा, हे कशावरून कळलं? गुहेच्या तोंडाशी त्यांच्या सायकली उभ्या होत्या. १० जुलैपर्यंत सगळे तेरा जण जिवंत बाहेर आले, साऱ्या जगाने आनंद केला. पण त्याआधी, ६ जुलैला, त्यांच्यासाठी आत हवेच्या टाक्या पोचवून परतणारा समन कुनान हा माजी नौदल पाणबुड्या मरण पावला. ही गोष्ट आम्हाला दोन कारणांनी महत्त्वाची वाटते. एक, आपण कुठे आहोत हे मागे कोणाला तरी ठाऊक असलं पाहिजे. ते सायकलींवर सोडू नये. दुसरं, आपण धोका पत्करतो तेव्हा तो एकट्याचा नसतो. आपल्याला शोधायला येणाऱ्या गावकऱ्याच्या, वनरक्षकाच्या, पोलिसाच्या जिवाचाही तो सौदा असतो. त्यांना न विचारता केलेला सौदा. ‘माझा जीव, मी बघून घेईन’ हे वाक्य म्हणूनच नीतीच्या दृष्टीने पोकळ आहे.

जबाबदारी माणसांपुरतीच नाही. लोणार हे बसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं विवर आहे, जगात अशी फार थोडी. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतलं पाणथळ आहे. त्याच वर्षी जूनमध्ये तळं गुलाबी झालं आणि खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झालं, हे शास्त्रज्ञांनी शोधलं. अशा जागी चाळीस मुलांनी आठवण म्हणून एकेक दगड उचलला, तर एका सहलीत चाळीस दगड गेले. अशा किती सहली येतात बघा! अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीनेच जायचं, नेमल्या वाटेनेच चालायचं, आणि आपला कचरा, अगदी संत्र्याची सालंसुद्धा, पिशवीत भरून परत आणायची. ज्ञानगंगेत २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून जास्त चालून पोचला होता. एवढी पायपीट करून त्याने जे घर शोधलं, तिथे आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने स्पीकर लावून नाचू नये.

शेवटी जे बोलायचं, ते थोडं कटू आहे. अपघाताची बातमी आली की संस्था सहलच बंद करतात. आणि सहल चालू राहिली, तरी ‘सुरक्षिततेसाठी’ मुलींना वगळतात. आमच्या नोकरीच्या काळात आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. पंचवीस मुलं ट्रेकला निघायची आणि वर्गातल्या मुली खिडकीतून बघायच्या. कारण विचारलं तर उत्तर यायचं, ‘सर, जबाबदारी कोण घेणार?’ मंडळी, हा सुरक्षिततेचा विचार नव्हे. ज्याला धोका आहे त्यालाच घरी बसवणं हा धोका टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि त्याची किंमत नेहमी दुसराच कोणीतरी भरतो. मुलींना न्यायचं, तर सोबत शिक्षिका हव्यात, वाटेवर स्वच्छतागृह कुठे ते आधी बघायला हवं, पिशवीत सॅनिटरी पॅड हवेत. यादी एवढीच आहे. ती पुरी करण्यापेक्षा नाव खोडणं सोपं, म्हणून नाव खोडलं जातं. गरीब मुलाचंही तसंच. त्याच्याजवळ बूट नाहीत म्हणून तो ‘तयारीत नाही’ ठरतो. मग बुटांची सोय करणं हा तयारीचा भाग नाही का?

मुलं डोंगरात गेली पाहिजेत, हे आमचं ठाम मत आहे. दमलेल्या मित्राची पिशवी आपल्या खांद्यावर घेणं, शेवटचा घोट पाणी दुसऱ्याला देणं, माथा समोर दिसत असताना घड्याळ बघून परत फिरणं, हे वर्गात शिकवता येत नाही. आम्ही कित्येक वर्षं कांट शिकवला. माणसाला साधन समजू नका, साध्य समजा, असं फळ्यावर लिहिलं. मुलांनी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. पण ते त्यांना कळलं की नाही, हे घाटातल्या तिसऱ्या वळणावर मागे कोण थांबलं यावरून आम्हाला समजायचं.

म्हणून आजचा गृहपाठ. पुढची सहल निघण्यापूर्वी एका कागदावर सात ओळी लिहा. कुठे जाणार आणि कोणत्या वाटेने. सोबत कोण कोण, क्रमांकासह. पुढचा माणूस कोण, मागचा कोण. किती वाजता परत फिरणार, कुठेही पोचलो असलो तरी. जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथे जायला गाडी कोणती. कोणत्या मुलाला कोणता आजार. आणि किती वाजेपर्यंत आमचा फोन आला नाही तर कोणी काय करायचं. घाटात फोनला रेंज नसते, म्हणून ही शेवटची ओळ विसरू नका. एक प्रत शाळेत, एक गावच्या पोलीस पाटलाजवळ, एक मागच्या शिक्षकाच्या खिशात. अडीअडचणीला १०८ आणि ११२ हे दोन आकडे प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवेत.

हा कागद लिहायला अर्धा तास लागतो. तो लिहून झाला की ‘काही झालं तर जबाबदार कोण’ हा प्रश्न विचारायची गरज उरत नाही, कारण उत्तर त्या कागदावरच, नावानिशी लिहिलेलं असतं.